फासा सगळ्यांचा, नावं कंपनीची: डी अँड डीच्या भावंडांची पार्श्वभूमी

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र होऊन खेळायचा गोष्टीचा गेम. तो खेळायला लागून दोनचार महिने झाले की नवीन माणूस एक प्रश्न विचारतोच. पाथफाइंडर, ओल्ड स्कूल इसेन्शियल्स, शॅडोडार्क, टेल्स ऑफ द व्हॅलिअंट अशी एवढी पुस्तकं आहेत आणि सगळ्यांत पात्रांचे तेच फायटर-विझर्ड प्रकार, ताकद-चपळाई मोजणाऱ्या स्ट्रेंग्थ-डेक्स्टेरिटी वगैरे त्याच सहा गोष्टी, तोच वीस बाजूंचा फासा, मग ही सरळसरळ कॉपी नाही का? आणि चालते कशी? तर चालते, आणि का चालते ते सांगायला पन्नास वर्षं मागं जावं लागतं.

मूळ गेम १९७४ चा. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं छोटं गाव आहे, तिथं गॅरी गायगॅक्स राहायचा आणि शेजारच्या मिनेसोटात डेव्ह आर्नेसन. गायगॅक्सकडे चेनमेल नावाचे छोट्या पुतळ्यांच्या लढाईचे नियम होते, १९७१ मधे जेफ पेरेनबरोबर लिहिलेले, आणि आर्नेसन ब्लॅकमूर नावाची स्वतःची दुनिया चालवायचा जिथं खेळाडू अख्खं सैन्य हलवण्याऐवजी एकच माणूस सांभाळायचा. दोघांचं मिळून डंजन्स अँड ड्रॅगन्स झालं. गायगॅक्सच्या टीएसआर कंपनीनं पहिल्या हजार प्रती काढल्या, एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका. आता त्या वाचल्या तर कळतं की नियम किती विस्कळीत होते, अर्ध्या गोष्टी लिहिलेल्याच नाहीत, त्यामुळे जो कोणी खेळायचा त्याला मधली भोकं स्वतःच बुजवावी लागायची. आपल्या गल्ली क्रिकेटसारखंच, एक टप्पा आउट की गच्चीवर गेला तर आउट हे ज्या त्या गल्लीनं ठरवायचं. म्हणजे पर्यायी नियम हे काही नंतर आलेलं बंड वगैरे नाही, ते पहिल्या दिवसापासून होतेच.

फक्त कुणीतरी ते छापायला लागलं. १९७५ मधेच फिनिक्सच्या केन सेंट आंद्रेनं मूळ नियम वाचून, हे फारच किचकट आहे म्हणून टनेल्स अँड ट्रोल्स लिहिला, त्यात साधे सहा बाजूंचे फासेच लागायचे. विचित्र आकाराचे फासे तेव्हा सहज मिळत नव्हते, हे लक्षात घ्या. १९७६ मधे इलिनॉयमधली जजेस गिल्ड आली, त्यांनी रीतसर टीएसआरची परवानगी घेऊन एक अख्खं शहर नकाशासकट विकलं. पुढच्या वर्षी डेव्ह हारग्रेव्हनं आर्डुइन नावाचं नियमांचं पुस्तक काढलं, तेही असंच घरच्या टेबलावर वाढलेलं.

आणि टीएसआर स्वतः काही धुतल्या तांदळासारखी नव्हती बरं का. सुरुवातीच्या पुस्तिकांत हॉबिट होते, एंट होते, बालरॉग होते, हे सगळे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनचे, आणि त्याच्या दुनियेवरच्या मालाचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी दम दिल्यावर हॉबिटचे हाफलिंग झाले आणि एंटचे ट्रिएंट. प्राणी तेच, नाव बदललं, विषय संपला. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढं सगळे हीच वापरणार आहेत.

पण दम खाल्लेलीच कंपनी नंतर सगळ्यात जास्त दम द्यायला लागली. मेफेअर गेम्स १९८२ पासून रोल एड्स नावानं डी अँड डीला चालतील अशी पुस्तकं काढत होती, त्यावर भांडण, करार, पुन्हा कोर्ट असं चालत राहिलं आणि शेवटी १९९३ मधे टीएसआरनं ती मालिकाच विकत घेऊन टाकली. पुढं इंटरनेटवर फॅन लोकांनी टाकलेल्या मजकुरावरही नोटिसा. टीएसआर म्हणजे 'दे सू रेग्युलरली', नेमानं खटले भरणारे, हा जोक तेव्हाचा.

इथं कायद्याचं थोडं सांगायला पाहिजे कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अमेरिकेत कॉपीराइट पद्धतीला मिळत नाही, ती पद्धत ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांना मिळतो. १८७९ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टात बेकर विरुद्ध सेल्डन म्हणून केस झाली, हिशेबाच्या वह्या मांडायच्या एका रीतीवरून, आणि कोर्टानं सांगितलं की पुस्तक तुझं पण रीत तुझी नाही. म्हणजे 'वीस बाजूंचा फासा टाक, त्यात बोनस मिळव, ठरलेला आकडा गाठलास तर वार लागला' हे कुणाच्या बापाचं नाही. पण फायरबॉल या जादूचं अख्खं वर्णन? शंभर राक्षसांची आकडेवारी? तिथं रीत कुठं संपते आणि शब्द कुठं सुरू होतात हे कोर्टात गेल्याशिवाय कळत नाही, आणि घरातल्या घरात दोन माणसं जी कंपनी चालवतात त्यांना वकील परवडत नाही. कायदा बाजूनं असूनही लोक घाबरून होते ते यामुळे.

१९९७ मधे टीएसआर कर्जात बुडाली आणि मॅजिक द गॅदरिंग पत्त्यांवर गब्बर झालेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्टनं ती घेतली, दोन वर्षांनी विझर्ड्सलाच खेळणी बनवणाऱ्या हॅस्ब्रोनं घेतलं. विझर्ड्समधे रायन डॅन्सी नावाचा माणूस होता, त्याच्या डोक्यात सॉफ्टवेअरवाल्यांचं ओपन सोर्स, म्हणजे लिहिलेलं सगळ्यांना वापरायला मोकळं सोडायची रीत, बसलं होतं. त्याचं गणित साधं होतं, साहसकथांची (म्हणजे टेबलावर खेळायच्या तयार कथानकांची) पुस्तकं छापून फारसं काही सुटत नाही, ती बाहेरच्यांना छापू दे, कारण ती वापरायची तर माणूस मुख्य नियमांचं पुस्तक आपल्याकडूनच घेणार ना. म्हणून २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर ओपन गेम लायसन्स आलं, ज्याला सगळे ओजीएल म्हणतात, आणि सोबत एसआरडी म्हणजे नियमांचा मोकळा सोडलेला मजकूर. रॉयल्टी नाही, विचारायची गरज नाही, कायमस्वरूपी. फक्त बिहोल्डर, माइंड फ्लेअर असे काही लाडके राक्षस कंपनीनं स्वतःकडे ठेवले.

मग जो पूर आला तो आला. दुकानांत डी-ट्वेंटी (म्हणजे वीस बाजूंचा फासा) असा शिक्का मारलेली पुस्तकं ढिगानं, त्यातली बरीचशी रद्दी (माझं मत, पण हे मत असणारा मी एकटा नाही). २००३ मधे कंपनीनं साडेतीन नंबरची आवृत्ती काढली आणि आधीच्या नियमांवर बेतलेला माल दुकानदारांच्या गळ्यात पडला, कित्येक छोटे पब्लिशर तिथंच संपले.

डॅन्सीला अपेक्षित नसेल असं मला वाटतं ते पुढं झालं. काही जुन्या खोडांना तिसरी आवृत्ती आवडलीच नव्हती, त्यांना सत्तर-ऐंशीच्या दशकातला गेम हवा होता जो कंपनी छापत नव्हती. त्यांच्या लक्षात आलं की एसआरडीतले मोकळे शब्द घ्यायचे, ज्या जागी नवीन नियम आहे तिथं जुन्या रीतीचं गणित स्वतःच्या भाषेत लिहायचं, की जुना गेम कायदेशीर परत उभा राहतो. २००६ मधे मॅट फिंच आणि स्टुअर्ट मार्शल यांचं ऑस्रिक आलं, २००७ मधे डॅनियल प्रॉक्टरचं लॅबिरिंथ लॉर्ड, २००८ मधे परत फिंचचंच स्वोर्ड्स अँड विझर्ड्री. यांना रेट्रोक्लोन म्हणतात. ऑस्रिक तर मुळात खेळायला म्हणून नव्हतंच, पहिल्या आवृत्तीसाठी साहसकथा छापायच्या तर मुखपृष्ठावर डी अँड डीचं नाव टाकता येत नाही, मग 'ऑस्रिकला चालेल' असं टाकायचं, इतकी साधी वाट काढली होती. २०१९ चं गॅव्हिन नॉर्मनचं ओल्ड स्कूल इसेन्शियल्स याच घराण्यातलं, मांडणी इतकी स्वच्छ की मूळ पुस्तकापेक्षा त्यातच नियम पटकन सापडतो.

दुसरीकडे पायझो. ही कंपनी डी अँड डीची ड्रॅगन आणि डंजन ही दोन मासिकं काढायची, विझर्ड्सच्याच परवानगीनं. २००७ मधे ती परवानगी संपली, २००८ मधे चौथी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत ओजीएल नाही तर जीएसएल नावाचं कडक लायसन्स. पायझोचा बरा चाललेला धंदा अधांतरी. त्यांनी काय केलं, तर टाकून दिलेली साडेतीनवाली आवृत्ती उचलली, दुरुस्त केली, आधी लोकांना फुकट वाचायला देऊन त्यांच्याकडून चुका काढून घेतल्या आणि ऑगस्ट २००९ मधे पाथफाइंडर म्हणून छापली. लोक गमतीनं तिला पावणेचार म्हणायचे. २०११ मधे तर दुकानांतल्या विक्रीच्या यादीत पाथफाइंडर डी अँड डीच्या वर होतं, म्हणजे कंपनीचेच जुने नियम कंपनीच्या नवीन नियमांना मागं टाकत होते.

२०१४ ची पाचवी आवृत्ती तुफान चालली, २०१६ मधे तिचाही मजकूर ओजीएलखाली मोकळा झाला आणि पुन्हा सगळं गोडीगुलाबीनं.

जानेवारी २०२३ पर्यंत. विझर्ड्सच्या नव्या लायसन्सचा, ओजीएल १.१ चा, मसुदा फुटला. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमाई गेली की वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी, पन्नास हजारांच्या वर गेलं तर हिशेब कळवायचा. पण लोक खवळले ते दुसऱ्या कलमावरून, जुनं लायसन्स यापुढं 'अधिकृत' राहणार नाही. मूळ लायसन्सच्या नवव्या कलमात लिहिलं होतं की कुठलीही अधिकृत आवृत्ती वापरा, आणि त्या एका शब्दावर आता सगळा डोलारा हलायला लागला. आपल्याकडं पागडीच्या घरात वीस वर्षं राहणाऱ्याला नव्या मालकाची नोटीस यावी तसं झालं, भिंती तुम्ही रंगवल्या, पोटमाळा तुम्ही काढला, पण कागद बघू जरा.

आणि यात गंमत अशी की ज्यांना दाबायचं होतं तेच उठून उभे राहिले. कोबोल्ड प्रेस बरीच वर्षं डी अँड डीसाठी राक्षसांची वगैरे पुस्तकं काढून पोट भरत होती, तिनं आठवड्याभरातच स्वतःचे नियम काढायचं जाहीर केलं, तेच टेल्स ऑफ द व्हॅलिअंट. पायझोनं ऑर्क नावाचं, कुठल्याच गेम कंपनीच्या ताब्यात नसणारं लायसन्स करायचं ठरवलं आणि आठ महिने पुरेल एवढा पाथफाइंडरच्या मुख्य पुस्तकाचा साठा दोन आठवड्यांत संपल्याचं सांगितलं. विझर्ड्सनं मग सुधारित मसुदा काढून लोकांची मतं मागवली, पंधरा हजारांच्या वर उत्तरं आली, त्यातल्या ८८ टक्के लोकांना त्या लायसन्सखाली काही छापायचंच नव्हतं. २७ जानेवारीला कंपनीनं माघार घेतली, ओजीएल आहे तसं ठेवलं आणि पाचव्या आवृत्तीचा एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही फुकट वापरू देणाऱ्या लायसन्सखाली कायमचा सोडून दिला, जो आता परत घेताच येत नाही.

आपण जिंकलो म्हणून लोक नाचले, पण पब्लिशर परत आले नाहीत हा भाग कमी बोलला जातो. एकदा मालकाचा स्वभाव कळला की कागद कितीही चांगला असला तरी झोप लागत नाही. पायझोनं २०२३ च्या नोव्हेंबरात पाथफाइंडरची मुख्य पुस्तकंच नव्यानं काढली, डी अँड डीचा वास येणारं एकेक उचलून बाहेर टाकलं, अलाइनमेंट (पात्र चांगलं की वाईट हा शिक्का) गेलं, जादूचे 'स्कूल' नावाचे ठरलेले प्रकार गेले, मॅजिक मिसाइल या मंत्राचं फोर्स बॅराज झालं. हॉबिट-हाफलिंगचीच गोष्ट, यावेळी टोल्किनच्या जागी विझर्ड्स. केल्सी डायॉनच्या शॅडोडार्कनं मार्च २०२३ मधे किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या साइटवर दहा लाख डॉलरचा आकडा सहज ओलांडला. एमसीडीएम कंपनीनं ड्रॉ स्टील हा गेम करताना वीसचा फासाच सोडला, दहाचे दोन टाकायचे आणि वार चुकणं हा प्रकारच नाही. इंटरनेटवर आपला खेळ दाखवणाऱ्या क्रिटिकल रोलवाल्यांच्या डॅगरहार्ट या गेममधे बाराचे दोन फासे, एक आशेचा एक भीतीचा, ते मे २०२५ मधे आलं.

आणि पुढच्याच महिन्यात बातमी आली की ख्रिस पर्किन्स आणि जेरेमी क्रॉफर्ड, म्हणजे पाचव्या आवृत्तीचे नियम ज्यांच्या हाताखालून गेले ते दोघं, विझर्ड्स सोडून डॅगरहार्ट काढणाऱ्या डॅरिंग्टन प्रेसमधे कामाला लागले.