कोरोमिनास, फेरान (कोरो)

कोरोमिनास, फेरान : (५ जानेवारी १९८३ – ). स्पॅनिश व्यावसायिक फुटबॉलपटू. पूर्ण नाव फेरान कोरोमिनास तेलेचेआ. मैदानावर आणि वृत्तपत्रांत तो ‘कोरो’ या सुटसुटीत नावानेच ओळखला जातो. जन्म स्पेनमधील कातालोनिया प्रांतात, जिरोनाजवळच्या विलोबी द’ऑन्यार या लहान गावी. त्याच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध बार्सिलोना शहरातील एस्पान्योल या संघात गेला आणि उत्तरार्धात, वयाची चौतिशी गाठल्यानंतर, तो गोव्यात येऊन इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) आपल्या काळातील सर्वाधिक यशस्वी आघाडीवीर ठरला. स्पेनच्या वरिष्ठ राष्ट्रीय संघातून तो कधीही खेळला नाही.

एस्पान्योलच्या युवा संघांतून वर येत २००३-०४ च्या हंगामात त्याने ला लिगामध्ये, म्हणजे स्पेनच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, पदार्पण केले. बार्सिलोना शहरात राहून बार्सिलोना क्लबचा नसणे ही एस्पान्योलची जन्मजात अडचण आहे. पैसा, प्रसिद्धी आणि प्रेक्षक या तिन्ही बाबतींत शेजाऱ्याच्या सावलीत राहणाऱ्या या क्लबला स्वतः घडवलेल्या खेळाडूंवरच पुष्कळसे अवलंबून राहावे लागते. कोरो त्या खेळाडूंपैकी एक होता. मात्र मधल्या आघाडीवीराची जागा क्लबचा लाडका गोलवीर राउल तामुदो याच्याकडे होती, त्यामुळे कोरोला बहुतेक वेळा बगलेवर किंवा बदली खेळाडू म्हणून उतरावे लागे. उंचीने बेताचा, शरीराने हलका आणि चपळ असल्याने प्रशिक्षकांना तो बगलेवरच शोभून दिसत असावा. पुढे गोव्यात जे घडले ते पाहता, त्याच्या उमेदीच्या वर्षांत त्याचा वापर चुकीच्या जागी झाला, असे म्हणायला जागा आहे.

तरीही एस्पान्योलच्या इतिहासात त्याचे नाव एका क्षणामुळे पक्के झाले. २००५-०६ च्या हंगामात या संघाची अवस्था विचित्र होती. १२ एप्रिल २००६ रोजी माद्रिदच्या सांतियागो बेर्नाबेऊ स्टेडियमवर त्यांनी रेआल सारागोसाचा ४-१ असा पराभव करून कोपा देल रे हा राष्ट्रीय चषक जिंकला. त्या चारांपैकी एक गोल कोरोचा होता. परंतु लीगमध्ये हाच संघ तळाशी गटांगळ्या खात होता आणि १३ मे रोजी, शेवटच्या फेरीच्या दिवशी, रेआल सोसिएदादविरुद्ध जिंकल्याशिवाय त्यांना दुसऱ्या श्रेणीत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. मोंजुइक टेकडीवरील ऑलिम्पिक स्टेडियमवर नव्वद मिनिटे गोल झाला नाही. बरोबरी कायम राहिली असती, तर एस्पान्योल खाली गेला असता आणि आलावेस वाचला असता. भरपाई वेळेत, ९१ व्या मिनिटाला, कोरोने चेंडू जाळ्यात मारला. संघ पहिल्या श्रेणीत राहिला, आलावेस खाली गेला. एस्पान्योलच्या जुन्या चाहत्यांमध्ये नुसते ‘कोरोचा गोल’ म्हटले तरी पुढचे सांगावे लागत नाही.

पुढच्याच वर्षी एर्नेस्तो वाल्वेर्दे यांच्या मार्गदर्शनाखाली एस्पान्योलने यूएफा चषक या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनविरुद्धच्या उपांत्य फेरीत कोरोने दोन्ही सामन्यांत गोल केले. १६ मे २००७ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर सेव्हियाविरुद्धचा अंतिम सामना २-२ असा सुटला आणि पेनल्टींवर एस्पान्योलची हार झाली. संपूर्ण स्पर्धेत एकही सामना न गमावता चषक हातचा गेला, हे त्या संघाचे दुर्दैव.

यानंतरची वर्षे मध्यम पल्ल्याच्या स्पॅनिश व्यावसायिकाच्या वाट्याला येतात तशीच होती : २०१० मध्ये ओसासुनाकडे उसनवारीने, नंतर जन्मगावाजवळच्या जिरोनाकडे दुसऱ्या श्रेणीत, तेथून पहिल्या श्रेणीत नुकत्याच चढलेल्या एल्चेकडे आणि शेवटी मायोर्काकडे. जिरोनाने २०१३ मध्ये बढतीच्या निर्णायक लढतीपर्यंत मजल मारली, पण आल्मेरियाने त्यांना रोखले. एल्चेने २०१४-१५ मध्ये मैदानावर आपले स्थान राखले असतानाही थकीत देण्यांपायी त्या क्लबला खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले. अशा क्लबांत खेळाडूचा करार आणि पगार या दोन्हींचा भरवसा नसतो, हे परदेशी जाणाऱ्या स्पॅनिश खेळाडूंच्या वाढत्या संख्येमागचे एक साधे आणि फारसे न बोलले जाणारे कारण आहे. २०१६ मध्ये कोरोने प्रथमच स्पेन सोडले आणि सायप्रसच्या डोक्सा कातोकोपियास या क्लबकडून एक हंगाम खेळला. १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतर आपल्या मूळ गावाला मुकलेला हा क्लब दुसऱ्याच गावात सामने खेळतो. कोरोच्या दृष्टीने तो मुक्काम वाटेतला थांबा ठरला.

२०१७ च्या उन्हाळ्यात एफसी गोवाने त्याला करारबद्ध केले. त्याआधी आयएसएलमध्ये आलेले नामवंत स्पॅनिश खेळाडू वेगळ्या प्रकारचे होते. २०१४ च्या पहिल्या हंगामात कोलकात्याकडून लुईस गार्सिया आणि नॉर्थईस्ट युनायटेडकडून विश्वविजेत्या संघातील जोआन कापदेविला खेळले, तेव्हा मोठे नाव दाखवून तिकिटे खपवणे हाही हेतू होता. कोरोचे नाव भारतात कोणाला ठाऊक नव्हते. त्याला आणले ते प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा यांच्या आराखड्यासाठी. बार्सिलोनाच्या युवा विभागातून आलेले लोबेरा त्याच वर्षी एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले होते. झिको यांच्या हाताखाली २०१५ मध्ये उपविजेता ठरलेला हा संघ २०१६ मध्ये तळाला गेला होता; शिवाय धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या जुन्या गोमंतकीय क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून माघार घेतल्यामुळे राज्यातील फुटबॉलप्रेमींचे सारे लक्ष फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर एकवटले होते. गोव्याच्या राज्यप्राण्यावरून, म्हणजे गव्यावरून, ‘गौर्स’ म्हणवणाऱ्या या संघाची लोबेरा यांनी जवळपास नव्याने बांधणी केली.

लोबेरा यांची पद्धत थोडक्यात अशी : गोलरक्षकापासून लहान पासेस देत चेंडू वर न्यायचा, बगलेवरच्या खेळाडूंनी आत शिरायचे आणि मोकळी पडलेली कड बगलेच्या बचावपटूने पळत भरून काढायची. गोमंतकीय मंदार राव देसाई हा मुळात बगलेवरचा आक्रमक, पण याच पद्धतीत तो डावा बचावपटू झाला आणि कारकिर्दीतील सर्वोत्तम खेळ करू लागला. मोरोक्कोचा अहमद जाहू खोलवरून लांब, तिरके आणि नेमके पास देत असे. एदू बेदिया मधली फळी सांभाळी. ब्रँडन फर्नांडिसच्या पायात शेवटचा पास होता. या सगळ्याच्या टोकाला कोरो असे. तो बचावपटूंशी धक्काबुक्की करत बसत नसे. दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत, त्यांच्या नजरेआड, चालत राहायचे, पास निघण्याच्या क्षणी दोन-तीन पावलांची झेप घ्यायची आणि चेंडू थांबवण्यात वेळ न घालवता पहिल्याच स्पर्शात गोलरक्षकाच्या बाजूने सारायचा, ही त्याची रीत. त्याच्या गोलांत डोळे दिपवणारे थोडे आणि अचूक वेळ साधलेले फार. भारतीय बचावपटूंना उंच आणि धिप्पाड परदेशी आघाडीवीरांना अडवण्याची सवय होती. आपल्या पाठीमागे नाहीसा होणारा माणूस त्यांना नवा होता.

१९ नोव्हेंबर २०१७ रोजी चेन्नईत चेन्नईयनविरुद्ध ३-२ असा विजय मिळवताना कोरोने पहिल्याच सामन्यात गोल केला. ३० नोव्हेंबरला फातोर्ड्यावर बेंगळुरू एफसीविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक केली आणि एफसी गोवा ४-३ असा जिंकला. या सामन्यात बेंगळुरूचा गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याला पूर्वार्धातच लाल कार्ड मिळाले होते, हे त्या आकड्याकडे पाहताना ध्यानात ठेवायला हवे. ९ डिसेंबरच्या केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या सामन्यात मात्र अशी कोणतीही सवलत नव्हती. मध्यंतरानंतर लगेच, ४८ व्या, ५१ व्या आणि ५५ व्या मिनिटाला, अवघ्या सात मिनिटांच्या अंतरात त्याने तीन गोल केले आणि गोव्याने ५-२ असा सामना जिंकला. लागोपाठच्या दोन सामन्यांत हॅट्‌ट्रिक करणारा तो आयएसएलमधील पहिला खेळाडू. त्या हंगामात २० सामन्यांत १८ गोल करून त्याने सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट मिळवला. साखळी फेरीत एफसी गोवाने १८ सामन्यांत ४२ गोल केले, पण बचावातील ढिलाई अंगाशी आली आणि उपांत्य फेरीत चेन्नईयनने त्यांना बाहेर काढले. त्या हंगामापासून स्पर्धेत दहा संघ आले आणि सामन्यांची संख्या वाढली, म्हणून आधीच्या हंगामांतील गोलवीरांशी कोरोची सरळ तुलना करणे योग्य नाही. तरीही सामन्यामागे जवळजवळ एक गोल हे प्रमाण कोणत्याही हिशेबाने असाधारण आहे.

२०१८-१९ मध्ये १६ गोलांसह गोल्डन बूट पुन्हा त्याच्याकडे आला आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा किताबही त्यालाच मिळाला. उपांत्य फेरीत एफसी गोवाने मुंबई सिटीला मुंबईतच ५-१ असे हरवले. त्यातला एक गोल कोरोचा. १७ मार्च २०१९ चा अंतिम सामनाही मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर झाला. बेंगळुरूविरुद्ध निर्धारित वेळेत गोल झाला नाही, जादा वेळेत जाहूला लाल कार्ड मिळाले आणि ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूचा बचावपटू राहुल भेके याने डोक्याने केलेल्या गोलाने गोव्याचे स्वप्न दुसऱ्यांदा भंगले. भेके मुळात मुंबईचाच, त्यामुळे महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी कोणाच्या बाजूने हळहळायचे, हा प्रश्नच होता. महिनाभरात, १३ एप्रिलला भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर सुपर कपच्या अंतिम सामन्यात चेन्नईयनला २-१ असे नमवून एफसी गोवाने आपले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. दोन गोलांपैकी पहिला कोरोचा, दुसरा ब्रँडनचा.

तिसरा हंगाम, २०१९-२०, गोंधळाचा होता. संघ गुणतक्त्यात वर असतानाच ३१ जानेवारी २०२० रोजी लोबेरा यांना पदावरून दूर करण्यात आले आणि उरलेल्या सामन्यांसाठी गोमंतकीय माजी मध्यपटू क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे सूत्रे आली. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-० असे हरवून एफसी गोवाने साखळी फेरीतील अव्वल संघासाठी त्याच वर्षी सुरू झालेली विजेत्याची ढाल पटकावली. गोलांची सुरुवात कोरोने केली होती. या यशामुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट प्रवेश मिळवणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत पुन्हा चेन्नईयन आडवा आला : चेन्नईत १-४ अशी हार आणि घरच्या मैदानावर ४-२ असा विजय, म्हणजे एकत्रित गुणफलकावर ५-६. कोरोचे त्या हंगामातील गोल १४. गोल्डन बूट या वेळी एका गोलाने हुकला.

२०२० मध्ये त्याने गोवा सोडले. लोबेरा मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले आणि जाहू, ह्युगो बुमूस व मुर्तादा फाल हे खेळाडूही तिकडे गेले. त्या चमूने २०२०-२१ मध्ये ढाल आणि चषक दोन्ही मिळवले. सदतीस वर्षांचा कोरो त्यांच्याबरोबर गेला नाही. तो स्पेनला परतला आणि मायोर्का बेटावरील पाल्मा शहराच्या आतलेतिको बालेआरेस या खालच्या श्रेणीतील संघात दाखल झाला. ज्या आशियाई गटफेरीची दारे त्याच्या गोलांनी उघडली, तिचे सामने एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्यावरच झाले, पण त्या वेळी तो संघात नव्हता. त्या फेरीत भारतीय क्लबचा पहिला गोल इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने केला.

कोरोच्या नावावर आयएसएलमध्ये ५७ सामन्यांत ४८ गोल आहेत. एकूण गोलांचा त्याचा विक्रम २०२१-२२ मध्ये नायजेरियाच्या बार्थोलोम्यू ओगबेचे याने मोडला. एका हंगामातील १८ गोलांची ओगबेचेने बरोबरी केली खरी, पण तो आकडा ओलांडला गेला तो २०२४-२५ मध्ये, नॉर्थईस्ट युनायटेडचा मोरोक्कन आघाडीवीर अलाएद्दीन अजाराई याने २३ गोल केले तेव्हा. प्रत्येक सामन्यामागील सरासरी पाहिली तर दीर्घ काळ खेळलेल्यांत कोरोच्या जवळपास येणारे फार थोडे आहेत.

त्याच्यानंतर एफसी गोवाने मधल्या आघाडीवीराच्या जागी पुन्हा तिशीतला स्पॅनिशच आणला. पोलंडच्या गुर्निक झाब्झे संघाकडून खेळताना तिथल्या लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरलेला इगोर आंगुलो २०२०-२१ मध्ये आला आणि १४ गोल करून गोल्डन बूट घेऊन गेला. कोरोबरोबर खेळलेला बचावपटू कार्लोस पेन्या २०२२-२३ मध्ये याच क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला. पुढे परदेशी खेळाडूंच्या संख्येचे नियम बदलले : कोरोच्या काळी मैदानावर एका वेळी पाच परदेशी खेळाडू उतरवता येत, २०२१-२२ पासून ही मर्यादा चारवर आली आणि त्यांतील एक आशियाई असावा, अशी अटही त्या वेळी घालण्यात आली होती. त्यामुळे एकाच देशाचे तीन-चार खेळाडू घेऊन त्यांच्याभोवती संघ रचणे लोबेरा यांच्या वेळेइतके सोपे राहिले नाही.