सिनेमातलं तुंबाड वेगळं, पेंडशांचं तुंबाड वेगळं

२०१८ चा हिंदी भयपट 'तुंबाड' सप्टेंबर २०२४ ला परत थिएटरात लागला तेव्हापासून एक गोष्ट नव्याने फिरायला लागली, की हा सिनेमा श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवर काढलाय. रीलवर तेच, टपरीवर तेच, कॉलेजातले पोट्टे तर छातीठोक सांगतात. नाही ना जी! कादंबरीतून सिनेमात आलं ते नाव. गोष्ट नाही, माणसं नाहीत, सिनेमातला तो राक्षस हस्तर तर नाहीच नाही.

सिनेमा तुम्ही पाहिलाच असेल म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. विनायकराव, वाडा, न थांबणारा पाऊस, १९१८ ते १९४७ चा काळ. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, विनायक झालाय सोहम शाह. विनायकाचा पोरगा झालेला मोहम्मद समद हाच त्या भयानक आजीच्या मेकअपमागे पण आहे, हे मात्र दोनदा पाहूनही लोकांच्या लक्षात येत नाही, त्या पोराचं काम खरंच फार मोठं आहे.

आणि या सिनेमाचा उगम पाहायचा तर तो आपल्याच पूर्व विदर्भात आहे राजेहो. १९९३ मध्ये बर्वेंना नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने मराठी भयकथाकार नारायण धारपांची गोष्ट सांगितली, ते घाबरले, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. तेव्हा गोंदिया जिल्हा झाला नव्हता, तो १९९९ ला झाला, म्हणजे हे आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्यातलं. धारपांची ती गोष्ट 'आजी', त्यांनी स्टीफन किंगच्या कथेवरून मराठीत आणलेली. तर धागा जोडायचाच असेल तर तो धारपांकडे जातो. साकोलीच्या बाजूच्या माणसाला हे माहीत नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं, धारप आपल्याकडे एकेकाळी लोक रात्र जागून वाचायचे.

हस्तर पुराणातला देव आहे असंही काही जण सांगतात. तो सिनेमावाल्यांनी रचलाय, विषय संपला.

आता कादंबरी. १९८७ ची, दोन जाडजूड भाग, जगबुडी नदीच्या काठचं तुंबाड आणि तिथल्या खोत घराण्याच्या चार पिढ्या. खोत म्हणजे कोण हे आपल्या लोकांना पटकन समजेल, पूर्व विदर्भात जसा मालगुजार तसा कोकणात खोत, सरकारचा सारा गोळा करणारा आणि गावावर हुकूम चालवणारा. आपल्याकडची मालगुजारी १९५१ मध्ये गेली, मागे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, राहिले. तिकडची खोती १९४९ च्या कायद्याने गेली.

पण खरी गफलत इथून पुढे होते. समजा कोणाला सांगितलं की बाबा ही वेगळी गोष्ट आहे, तर तो म्हणतो, असेल, पण विषय तर एकच ना, वाडा, वारसा, लोभ, घराण्याचा नाश. इथंच माणूस फसतो. सिनेमात भीतीला जागा आहे आणि तिला नियम आहेत. हस्तर वाड्यातल्या विहिरीच्या तळाशी राहतो, वर येत नाही, पिठाची बाहुली दिली की तो तिच्यावर तुटून पडतो, तेवढ्यात त्याच्याजवळच्या सोन्याच्या मोहरा काढायच्या आणि दोराने वर यायचं, पिठाच्या रिंगणात तो येऊ शकत नाही. विनायकाला हे सगळं नीट माहीत आहे, तो त्यात तरबेज झालाय, आणि म्हणूनच तो सिनेमा एवढा अंगावर येतो, कारण धोका कुठे आहे हे माहीत असून माणूस स्वतःच्या पायाने खाली उतरतो, पुढे पोराला पण घेऊन उतरतो. नको असेल तर न उतरायची सोय त्याला प्रत्येक वेळी होती.

पेंडशांच्या तुंबाडात ती सोय कोणालाच नाही. तिथं उतरायला विहीर नाही की मोजायला मोहरा नाहीत, घर खचतं ते रोजच्या वागण्यातून, अहंकारातून, आपसातल्या वैरातून, बाहेर बदलत चाललेल्या काळातून. कोणत्या पानावर घराणं बुडालं हे बोट ठेवून दाखवता येत नाही. सिनेमातला लोभ हा एक प्राणी आहे, त्याला पीठ टाकून फसवता येतं. कादंबरीत लोभ दहा गोष्टींमधली एक गोष्ट आहे, तिथं चांगली माणसं पण आहेत, प्रेम आहे, आणि चांगुलपणाने पण घर वाचत नाही. मला विचाराल तर हे जास्त भीतीदायक आहे, कारण असे वाडे आपण डोळ्यांनी पाहिलेत, ज्या मालगुजाराच्या दारात पूर्वी हत्ती झुलायचे त्याच्या नातवांचे आज बांधावरून खटले चालू आहेत.

म्हणून हस्तर शोधायला जे कादंबरी उघडतात त्यांचा मला राग येतो. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पहिला भाग पार चुरगाळलाय आणि दुसरा कोराच्या कोरा आहे. पन्नास पानं वाचायची, भूत कुठंय म्हणायचं, परत करायचं आणि वरून पुस्तक बोअर आहे म्हणून सांगत फिरायचं, हे पेंडशांवर अन्याय करणं आहे. आणि उलटं पण होतं बरं का, जुने वाचक सिनेमा न पाहता म्हणतात की यांनी कादंबरीची वाट लावली. काहून बाप्पा, त्यांनी ती हातात घेतलीच नाही तर वाट कशी लावतील? सिनेमा त्याच्या जागी उत्तम आहे, पावसासाठी त्यांनी कितीतरी पावसाळे वाट पाहिली, हिंदीतल्या भयपटांत मी त्याला सगळ्यात वर ठेवतो. तरी दोन्हींतून एकच निवड म्हटलं तर मी कादंबरी घेईन, न थांबता.

सिनेमासारखं काही वाचायचं असेल तर धारप वाचा, रात्री वाचा. 'तुंबाडचे खोत' उन्हाळ्यात घ्या, धान घरात आल्यावर, दोन्ही भाग एकदमच आणा, आणि सुरुवातीलाच एका कागदावर कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाचा पोरगा ते लिहीत चला, नाहीतर नावांत गुंता होतो आणि माणूस तिथंच पुस्तक सोडतो.