हेडलाइटची दुरुस्ती एवढी महाग कशी झाली?

हेडलाइटमधली डीआरएलची, म्हणजे दिवसाही चालू राहणाऱ्या दिव्याची, पांढरी पट्टी आधी लुकलुकू लागते, मग तिचा अर्धा भाग काळा पडतो, आणि गॅरेजमध्ये चौकशी केली की उत्तर मिळते, ‘पट्टी सुटी येत नाही, पूर्ण हेडलाइट बदलावा लागेल.’ नखाएवढ्या बिघाडासाठी हातभर सुटा भाग विकत घेण्याची ही वेळ टप्प्याटप्प्याने आली आहे.

सुरुवातीच्या मोटारींना ॲसिटिलीन वायूवर जळणारे दिवे असत. 1912 साली कॅडिलॅकने स्टार्टर, इग्निशन आणि दिवे यांची एकत्रित विद्युत यंत्रणा आणली व पुढे विजेचे दिवे रूढ झाले. अमेरिकेत 1940 पासून ‘सील्ड बीम’ हा 7 इंच व्यासाचा गोल दिवा सक्तीचा झाला. त्यात काच, परावर्तक आणि फिलामेंट एकजीव असत, त्यामुळे फिलामेंट तुटली की सगळा दिवाच फेकावा लागे. तरीही तो कोणाला जड गेला नाही, कारण बहुतेक सगळ्या गाड्यांना तोच दिवा बसत असे. म्हणूनच आजच्या खर्चाचे खापर केवळ सीलबंद रचनेवर फोडणे मला पटत नाही; खरा फरक पडला तो प्रत्येक मॉडेलचा दिवा वेगळा झाला तेव्हा.

युरोपात 1962 मध्ये एच1 हा पहिला हॅलोजन बल्ब आला. या बल्बमधला हॅलोजन वायू फिलामेंटवरून उडालेले टंगस्टन पुन्हा फिलामेंटकडे नेतो, त्यामुळे काच काळवंडत नाही. बदलताना काचेला बोट लागू द्यायचे नाही, एवढे पथ्य पाळले की काम घरच्या घरी होई. अमेरिकेने 1983 मध्ये नियम बदलून सुटा बल्ब बसणाऱ्या दिव्यांना परवानगी दिली आणि हेडलाइटला गाडीच्या बोनेटप्रमाणे हवा तो आकार देण्याची मुभा मिळाली. काचेची जागा पॉलिकार्बोनेटने घेतली. ते हलके आणि सहज न फुटणारे खरे, पण वरचा संरक्षक थर उन्हाने झिजला की पिवळे पडते. पॉलिश केल्यावर ते चकाकते, पण थर परत दिला नाही तर पिवळेपणाही परत येतो.

1991 मध्ये बीएमडब्ल्यूच्या 7 सीरिजमध्ये झेनॉन दिवे, म्हणजे फिलामेंटऐवजी वायूतून वीज वाहून उजळणारे दिवे, आले, आणि बल्बच्या जोडीला हजारो व्होल्टचा झटका देऊन तो पेटवणारा बॅलास्टही बिघडू शकणाऱ्या भागांत जमा झाला.

दिवसा दिवे लावण्याची सक्ती स्वीडनमध्ये 1977 पासून होती. कॅनडाने डिसेंबर 1989 नंतर तयार झालेल्या गाड्यांना ती लागू केली, तर युरोपीय संघाने 7 फेब्रुवारी 2011 पासून कारच्या नव्या मॉडेलांना डीआरएल बंधनकारक केले. पूर्वी अनेक गाड्यांत हेडलाइटचाच बल्ब दिवसभर जळे, त्यामुळे तो लवकर जाई. पण तेवढाच बदलून काम भागे. एलईडी दीर्घायुषी म्हणून हे काम तिच्याकडे गेले, आणि 2008 मध्ये ऑडीच्या आर8 मध्ये तर पूर्ण हेडलाइटच एलईडीचा मिळू लागला.

एलईडी स्वतः क्वचितच जाते. उष्णतेने सोल्डरचा सांधा तडकतो, तिला वीज पुरवणारे ड्रायव्हर सर्किट बिघडते किंवा आत पाणी शिरते. एका ओळीत जोडलेल्या दिव्यांपैकी एकाचा सांधा सुटला तरी ती सगळी ओळ विझते. अर्धी पट्टी काळी पडते ती बहुधा यामुळेच. पहाटे काचेच्या आतून धरलेले आणि दिवा लावल्यावर विरणारे धुके चिंतेचे नसते. तळाशी साचलेले पाणी मात्र सर्किटपर्यंत पोहोचते.

नवा हेडलाइट बसवला तरी बऱ्याच गाड्यांत संगणकाला त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि झोताची उंची तपासावी लागते ती निराळीच. म्हणून काही कारागीर जुनाच दिवा तापवून कडेचे सीलंट मऊ करतात, काच उघडतात, आतले सर्किट दुरुस्त करतात आणि नवे सीलंट भरतात. हे किफायतशीर पडते, पण सीलंटमध्ये बारीक फट राहिली तरी पुढच्या पावसात तोच दिवा पुन्हा उघडावा लागतो.