फुकटातला फोन आणि छत्तीस हप्ते

जून २००८मध्ये ॲपलने आयफोन थ्रीजी जाहीर केला, तेव्हा जाहिरातीचा सूर होता: वेग दुप्पट, किंमत निम्मी. त्यात खोटं काही नव्हतं. आठ जीबीचा जुना आयफोन ३९९ डॉलरला मिळत होता, नवा १९९ डॉलरला आला. दोन्ही एटीअँडटी या मोबाइल कंपनीशी दोन वर्षांचा करार केला तरच. मेख मासिक बिलात होती. जुन्या आयफोनचा सर्वांत स्वस्त प्लॅन महिन्याला सुमारे ६० डॉलरचा होता आणि त्यात अनलिमिटेड डेटा व २०० मेसेज धरलेले होते. नव्यासाठी तेवढ्याच मिनिटांचा प्लॅन ७० डॉलरवर गेला. मेसेज त्यातून काढून घेतले गेले. २०० मेसेज हवे असतील तर आणखी पाच डॉलर. आता चोवीस महिन्यांचा गुणाकार करून पाहा. कर सोडले तर जुना फोन १,८३९ डॉलरला पडत होता, नवा १,९९९ला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

अमेरिकेत मोबाइल प्लॅनची तुलना करणं इतकं किचकट कसं झालं, ते या १६० डॉलरच्या फरकात दिसतं. किमती लपवल्या गेल्या असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. जवळजवळ सगळे आकडे कुठे ना कुठे छापलेले असतातच. पण ग्राहक ज्या आकड्याची तुलना करायला शिकतो, तो आकडा कंपन्या खाली आणतात आणि तोच बोजा अशा जागी हलवतात जिथे अजून कोणी बघत नाही. तिथेही लोक बघू लागले की पुन्हा जागा बदलते.

सुरुवातीला असा काही गुंता नव्हता, कारण सगळंच महाग होतं. ऑक्टोबर १९८३मध्ये शिकागोत अमेरिकेतली पहिली व्यावसायिक सेल्युलर सेवा सुरू झाली, तेव्हा मोटोरोलाच्या डायनाटॅक फोनची किंमत ३,९९५ डॉलर होती. त्यावर महिन्याचं भाडं आणि शिवाय प्रत्येक मिनिटाचे पैसे. आलेल्या कॉलचेही पैसे घेणाऱ्यालाच द्यावे लागत, कारण तिथे मोबाइलला वेगळे क्रमांक नव्हते. साध्या फोनसारखाच एरिया कोड असल्यामुळे समोरच्याला आपण मोबाइलवर फोन करतोय हे कळायचीही सोय नव्हती, मग जादा पैसे त्याच्याकडून कसे घेणार? त्यात शहराबाहेर गेलं की रोमिंग वेगळं आणि लांब पल्ल्याच्या कॉलचा दर वेगळा. मे १९९८मध्ये एटीअँडटीने ‘डिजिटल वन रेट’ आणून हे तिन्ही एकत्र केले: ६०० मिनिटं ८९.९९ डॉलरला, देशात कुठेही. आज हा दर अवाच्या सवा वाटेल, पण महिन्याअखेरीस बिल किती येणार हे आधी कळण्याची ती सुरुवात होती. यानंतर काही वर्षं स्पर्धा मिनिटांवर झाली. रात्रीची मिनिटं मोफत, शनिवार-रविवार मोफत, उरलेली पुढच्या महिन्यात. ग्राहक मिनिटं मोजायला शिकले.

याच काळात दुसरी एक गोष्ट मुरली, आणि सगळ्या पुढच्या घोळाचं मूळ तिथे आहे. फोन महाग असेल तर ग्राहक वाढत नाहीत, म्हणून कंपनी पदरचे पैसे घालून फोन स्वस्तात किंवा ‘फुकट’ देऊ लागली आणि ते पैसे मासिक बिलातून वसूल करू लागली. वसुली पूर्ण होईपर्यंत ग्राहक पळू नये म्हणून दोन वर्षांचा करार आणि मध्येच सोडलं तर दंड. नोव्हेंबर २००३पासून मोठ्या शहरांत आपला नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. नंबर जाईल ही भीती संपली, तशी ग्राहकाला धरून ठेवण्याची भिस्त या करारावर आणि दंडावर आली.

हा दंड किती चालाखीने बेतलेला होता, ते व्हेरायझन या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या २००९ सालच्या बदलात दिसतं. नोव्हेंबरात कंपनीने स्मार्टफोनसाठीचा दंड १७५वरून ३५० डॉलर केला. दर महिन्याला तो दहा डॉलरने कमी होणार होता. ऐकायला ठीक. पण तेवीस महिने बिल भरून, शेवटचा महिना उरला असताना कोणी बाहेर पडलं, तर त्याच्या डोक्यावर अजून १२० डॉलर असत. फोनची भरपाई हे कारण असेल, तर ती तोवर जवळजवळ झालेली असायला हवी होती. दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने कंपनीला याचा जाब विचारला.

मला मात्र दंडापेक्षा दुसरी बाजू जास्त खटकते. आयफोन ५ची करारावरची किंमत १९९ डॉलर होती, कराराविना ६४९. म्हणजे कंपनी ४५० डॉलर घालत होती. चोवीस महिन्यांवर पसरले तर महिन्याला पावणेएकोणीस. आता पंचविसाव्या महिन्यात, फोनची फेड झाल्यावर, बिल तेवढ्याने उतरायला हवं होतं. ते उतरत नसे. जो माणूस आपला फोन तिसऱ्या वर्षीही नीट सांभाळून वापरत होता, तो न घेतलेल्या फोनचे पैसे भरत होता. स्वतःच्या पैशांनी फोन आणणाऱ्यालाही बहुधा तेच बिल. हा प्रकार एकट्या अमेरिकेचा नाही. ब्रिटनमध्ये ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेने २०१७मध्ये दाखवून दिलं की काही मोठ्या कंपन्या कराराची मुदत संपल्यावरही फोनचे पैसे लावत राहतात, सरासरी महिन्याला २२ पौंड.

मधल्या काळात मिनिटांची लढाई संपून कमाई आधी मेसेजवर आणि मग डेटावर गेली. सुटा मेसेज पाठवण्याचा दर २००५मध्ये दहा सेंट होता, तो २००८पर्यंत चारही मोठ्या कंपन्यांत (एटीअँडटी, व्हेरायझन, स्प्रिंट, टी-मोबाइल) वीस सेंट झाला. सिनेटर हर्ब कोल यांनी त्या चौघींना पत्र लिहून कारण विचारलं, कारण मेसेज वाहून नेण्याचा खर्च जवळपास काहीच नसतो. जून २०१०मध्ये एटीअँडटीने नव्या ग्राहकांसाठी अनलिमिटेड डेटा बंद केला: २०० एमबी १५ डॉलरला, दोन जीबी २५ला. पुढच्या वर्षी जुलैत व्हेरायझननेही तेच केलं. २०१२ साली व्हेरायझनने ‘शेअर एव्हरीथिंग’मध्ये बोलणं आणि मेसेज अनलिमिटेड देऊन टाकले. उदारपणा वाटेल, पण लोक तोवर मिनिटं कमी वापरू लागले होते आणि मेसेजसाठी ॲप आली होती. जे कोणी मोजत नव्हतं ते मोफत झालं आणि जे हवं होतं त्याला तोळ्यामाशाचं मोजमाप आलं.

मग मार्च २०१३. चौथ्या क्रमांकावर रखडलेल्या टी-मोबाइलने, जॉन लेजर यांच्या नेतृत्वाखाली, करार मोडीत काढला. सेवेचा दर वेगळा, फोनचा हप्ता वेगळा. आयफोन ५ घ्यायचा तर ९९ डॉलर आधी आणि २० डॉलरचे चोवीस हप्ते, एकूण ५७९. हप्ते संपले की बिल वीस डॉलरने खाली. प्लॅनची खरी किंमत काढण्याच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत स्वच्छ क्षण आहे, असं मी म्हणेन. दोन आकडे समोर, दोन्ही सुटे, बेरीज कोणालाही जमेल अशी.

तरी कुसळ होतंच. करार नाही अशी जाहिरात होती, पण मध्येच सोडून जाणाऱ्याला फोनची उरलेली सगळी रक्कम एकदम भरावी लागे. वॉशिंग्टन राज्याचे ॲटर्नी जनरल बॉब फर्ग्युसन यांनी महिन्याभरातच या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या आहेत असं म्हणून कंपनीला तडजोडीला भाग पाडलं. ज्यांनी त्या काळात फोन घेतले होते त्यांना परत फिरण्याची मुभा मिळाली.

बाकीच्या कंपन्याही त्या वाटेने आल्या. व्हेरायझनने ऑगस्ट २०१५मध्ये नव्या ग्राहकांसाठी दोन वर्षांचे करार बंद केले, एटीअँडटीने जानेवारी २०१६मध्ये. फेब्रुवारी २०१७मध्ये व्हेरायझनने अनलिमिटेड डेटा परत आणला, एका लाइनला ८० डॉलर, चार लाइन घेतल्या तर प्रत्येकी ४५. इथे ‘अनलिमिटेड’ या शब्दाला आणखी एक शेपूट जोडलेलं होतं: महिन्यात २२ जीबी ओलांडल्यावर गर्दीच्या वेळी वेग कमी होऊ शकेल. अनलिमिटेड म्हणून विकलेल्या डेटाचा वेग मर्यादेनंतर पाडल्याबद्दल फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने एटीअँडटीवर २०१४मध्येच खटला भरला होता. २०१९मध्ये तो सहा कोटी डॉलरवर मिटला.

आणि फोन? ‘फुकट’ फोन दोन-चार वर्षांत परत आला, नवा वेश घेऊन. आता कंपनी फोन पूर्ण किमतीला विकते, हप्ते बांधून देते आणि दर महिन्याला हप्त्याएवढी किंवा त्याहून थोडी कमी रक्कम बिलात जमा दाखवते. मुदत आधी २४ किंवा ३० महिने असे. एटीअँडटी आणि व्हेरायझन २०२१-२२च्या सुमारास ३६ महिन्यांवर गेल्या. टी-मोबाइलच्या बऱ्याच योजना २४वरच राहिल्या. म्हणजे ‘८०० डॉलर सूट’ ही एकच ओळ दोन दुकानांत दोन वेगळ्या गोष्टी सांगते. एकीकडे महिन्याला ३३ डॉलर दोन वर्षं, दुसरीकडे २२ डॉलर तीन वर्षं.

समजा ९०० डॉलरचा फोन ३६ हप्त्यांवर पूर्ण ‘फुकट’ मिळाला. महिन्याला २५ डॉलरचा हप्ता आणि तेवढीच जमा. विसाव्या महिन्यानंतर ग्राहकाने कंपनी सोडली तर जमा थांबते आणि उरलेले सोळा हप्ते, ४०० डॉलर, एकदम देणं होतात. व्हेरायझनच्या जुन्या ३५० डॉलरच्या दंडाहून ही रक्कम मोठी आहे, पण हिला कोणी दंड म्हणत नाही. निदान दंडाचा आकडा करारात एका जागी छापलेला असे. आता अशा योजना बऱ्याचदा महागड्या प्लॅनवरच मिळतात. तो प्लॅन साध्या प्लॅनपेक्षा महिन्याला वीस डॉलरने महाग असेल, तर तीन वर्षांत ७२० डॉलर त्यातच गेले. ९०० डॉलरच्या फोनवर प्रत्यक्षात वाचले ते १८०. त्याउपर फोनच्या पूर्ण किमतीवरचा विक्रीकर अनेक राज्यांत पहिल्याच दिवशी भरावा लागतो. फोन फुकट असला तरी.

शिवाय हप्ता ठरलेला असतो, प्लॅनचा दर नाही. ग्राहक तीन वर्षं बांधलेला, कंपनी मात्र मध्येच दर वाढवायला मोकळी. जानेवारी २०१७मध्ये टी-मोबाइलने आपल्या ‘वन’ प्लॅनचा दर फक्त ग्राहकच बदलू शकेल असं वचन दिलं होतं. २०२४मध्ये जुन्या प्लॅनचे दर वाढले तेव्हा त्या वचनावर विसंबलेल्यांचा संताप झाला. दर न वाढवता बिल वाढवण्याचीही वाट आहे. एटीअँडटीने २०१३मध्ये ६१ सेंटचं प्रशासकीय शुल्क लावलं आणि २०१८मध्ये ते १.९९ डॉलरवर नेलं. व्हेरायझनचं असंच शुल्क २०२२मध्ये १.९५ वरून ३.३० डॉलर झालं. नाव असं की सरकारी कर वाटावा, पण पैसे कंपनीच्याच खात्यात. त्यावरून झालेल्या सामूहिक दाव्यात व्हेरायझनने पुढे, चूक मान्य न करता, दहा कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

शेजारच्या कॅनडाने वेगळा रस्ता धरला. तिथे तीन वर्षांचे करार सर्रास होते. डिसेंबर २०१३मध्ये लागू झालेल्या ‘वायरलेस कोड’ने दोन वर्षांनंतर ग्राहकाला कोणताही दंड न देता बाहेर पडण्याचा हक्क दिला आणि तीन वर्षांचा करार त्याच्याच वजनाने पडला. अमेरिकेत तशी मर्यादा नसल्यामुळे छत्तीस हप्ते बिनदिक्कत चालतात. त्यात एप्रिल २०२०मध्ये टी-मोबाइलने स्प्रिंट गिळली आणि चार मोठ्या कंपन्यांच्या तीन झाल्या. त्यांचंच नेटवर्क भाड्याने घेऊन स्वस्त प्लॅन विकणाऱ्या छोट्या कंपन्या उरतात, पण ट्रॅकफोन २०२१मध्ये व्हेरायझनने विकत घेतली आणि मिंट मोबाइल २०२४मध्ये टी-मोबाइलने.

२०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार १० एप्रिल २०२४पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक इंटरनेट प्लॅनसोबत, मोबाइलच्याही, एक लेबल दाखवावं लागतं. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरच्या तक्त्यासारखंच ते आखलेलं आहे: मासिक दर, कंपनीची शुल्कं, एकदाच भरायच्या रकमा, वेग, डेटा, सगळं ठरावीक क्रमाने. प्रशासकीय शुल्कासारख्या वाटेला त्यामुळे बराच आळा बसतो, कारण ते कंपनीचं शुल्क म्हणूनच मांडावं लागतं. लेबल आहे ते सेवेचं. फोनचे हप्ते, त्यावरची मासिक जमा आणि ती कधी थांबते, हे वेगळ्या कागदावर राहतं; तिथे बेरीज अजून ग्राहकालाच करावी लागते. ऑक्टोबर २०२५मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने या लेबलच्याही काही अटी, त्यात फोनवरून चौकशी करणाऱ्याला ते वाचून दाखवण्याची सक्ती, काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला.