बाहुली बोलते, पण बघते कुठे?

'कमळ' लिहिताना तीन अक्षरं लागतात, बोलताना ठोके मात्र दोनच: क-मळ. म्हणून मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या, आत हात घालून चालवायच्या बाहुलीचं तोंडही दोनदाच उघडायला हवं. 'गोगलगाय'ला तीनदा. 'आंबा' म्हणताना मध्ये आपले ओठ मिटतात, तिथे बाहुलीचंही तोंड पूर्ण मिटलं पाहिजे. नवखा कलाकार नेमकं उलटं करतो. शब्द निघताना मूठ आवळतो आणि बाहुली शब्द गिळते आहे असं दिसतं. ठोक्यावर अंगठा खाली जावा, वरची चार बोटं जवळजवळ स्थिर राहावीत. बोटं वर उचलली गेली की बाहुलीचं कपाळ मागे कलतं आणि नजर छताला लागते.

ही नजर सुटली की शिकवणंही सुटतं. साधारण वर्षाचं मूल समोरच्याच्या नजरेमागे आपली नजर नेतं, आणि नवा शब्द कोणत्या वस्तूचा हे पुढे त्यावरूनच ताडतं. म्हणून बाहुलीने आधी वांग्याकडे वळायचं, क्षणभर थांबायचं, मग 'वांगं' म्हणायचं. शब्द आधी आणि मान नंतर, असं झालं की मूल शब्द बाहुलीच्या नाकाला चिकटवून मोकळं होतं!

मराठीत डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यालाही बाहुलीच म्हणतात, ते इथे अगदी खरं ठरतं. टेबल टेनिसचा ४० मिलिमीटरचा चेंडू अर्धा कापून दोन डोळे होतात. अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सनच्या १९५५ च्या पहिल्या कर्मिट या बाहुलीचे डोळेही टेबल टेनिसच्याच चेंडूचे होते. काळा ठिपका बरोबर मध्यभागी चिकटवला तर बाहुली शून्यात बघते. दोन्ही ठिपके नाकाकडे दोन-तीन मिलिमीटर सरकवा, ती कुणाकडे तरी बघू लागते.

फोम, फेल्ट, रबरी गम हे सामान पुण्याच्या बोहरी आळीच्या बाजारात हिंडून जमतं. फोमच्या दोन्ही कडांना गम लावून तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मगच कडा जोडायच्या. इथल्या पावसाळ्यात हा वेळ वाढतो. घाई केली की दिव्यांच्या उष्णतेत जोड उकलतो. तोंडाच्या आतली पट्टी पुठ्ठ्याची नको, हाताच्या घामाने ती मऊ पडते. चपलेच्या तळव्याचं पातळ रबर चांगलं.

चित्रीकरणात कलाकार खाली बसून हात डोक्याच्या वर धरतो आणि बाहुलीकडे न बघता मॉनिटरकडे, म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे बघतो. मॉनिटर म्हणजे आरसा नव्हे, त्यामुळे आपला उजवा हात तिथे डावीकडे दिसतो. याची सवय व्हायला बराच सराव लागतो.

प्रश्न विचारल्यावर बाहुलीने तीन-चार सेकंद गप्प राहायचं. संकलनात हीच जागा सर्वांत आधी कापली जाते, आणि मुलाच्या तोंडी आलेलं उत्तर तिथेच अडतं. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या मुलांच्या कार्यक्रमाने असे थांबे मुद्दाम ठेवले आणि एकच भाग ओळीने पाच दिवस दाखवला. मोठ्यांना कंटाळा येतो. मुलं मात्र दर दिवशी जास्त मोठ्याने उत्तरं देतात. दोन वर्षांखालची मुलं पडद्यावरून फार कमी शिकतात, त्यांच्यासाठी हा खटाटोप नकोच.

तयार भाग तपासायची जुनी रीत 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमाची. एका पडद्यावर कार्यक्रम, शेजारच्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं, आणि मूल कुठे बघतं याची नोंद. १९६९ च्या जुलैत फिलाडेल्फियात चाचणी भाग दाखवले तेव्हा, फक्त माणसं असलेल्या रस्त्यावरच्या प्रसंगांत मुलांचं लक्ष उडालं. बाहुल्या आणि खरी माणसं एकत्र दाखवू नयेत, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. तो बाजूला ठेवून बिग बर्ड आणि ऑस्कर या बाहुल्या रस्त्यावर आणल्या गेल्या. पुण्यातल्या कुठल्याही बालवाडीत, पालकांना विचारून, एक टीव्ही आणि एक टॅब्लेट घेऊन हेच करता येतं. एका वेळी एकच मूल बसवा. दोघं बसली तर ती एकमेकांकडेच बघतात.