वॉलेस रेषेमागची चिठ्ठी

जून १८५८ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या तर्नाते बेटावरून डार्विनला एक टपाल मिळालं. आत नैसर्गिक निवडीची अख्खी मांडणी होती. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत, दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. पाठवणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस (१८२३–१९१३) तिथवर कसा पोचला, याचं खरं उत्तर गोळा केलेल्या प्राण्यांच्या नमुन्यांना लावायच्या चिठ्ठीत आहे.

शाळा चौदाव्या वर्षाच्या सुमारास सुटली. मग भावाच्या हाताखाली जमीनमोजणी, आणि १८४८ मध्ये ॲमेझॉन. पोटापाण्याचं साधन एकच, नमुने विकणं. १८५२ मध्ये परतताना जहाज पेटलं, सोबतचा जवळजवळ सगळा संग्रह गेला, दहा दिवस होडीत काढावे लागले. तरी त्याच वर्षी त्याने माकडांवर निबंध वाचला. नमुन्यावर नुसतं ‘ॲमेझॉन’ लिहिलेलं असलं तर ते निरुपयोगी, कारण मोठ्या नदीच्या दोन काठांवर बऱ्याचदा वेगवेगळ्या जाती असतात. कोणता काठ, हे लिहायलाच हवं.

ही शिस्त तो १८५४ ते १८६२ मलय द्वीपसमूहात, म्हणजे आजच्या इंडोनेशिया-मलेशियाच्या बेटांवर, घेऊन गेला. नमुने १,२५,६६०, त्यांत ८३,२०० भुंगेरे. मुंग्या वाळत घातलेली कातडी कुरतडत, म्हणून टेबलाचे पाय पाणी भरलेल्या करवंट्यांत. बोर्निओ बेटावरच्या सारावाकमधल्या एका डोंगरावर पांढऱ्या भिंतीशी दिवा ठेवून २६ रात्रींत १,३८६ पतंग मिळाले. पैकी ८०० हून जास्त फक्त चार काळोख्या, पावसाळी रात्रींत. चांदण्यात दिव्याकडे फारसं कोणी फिरकत नाही.

१८५६ मध्ये बालीहून शेजारच्या लोंबोक बेटावर जाताना फरक त्याच्या डोळ्यांत भरला. बालीत तांबट आणि सुतारपक्षी, पलीकडे काकाकुवे. आशियाचे आणि ऑस्ट्रेलियाचे प्राणी वेगळे दाखवणारी वॉलेस रेषा या दोन बेटांमधूनच जाते. मधली सामुद्रधुनी जेमतेम ३५ किलोमीटरची, पण खोल. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर उतरला तेव्हा जावा, बोर्निओ, बाली आशियाला जोडले गेले. लोंबोक सुटाच राहिला. हिमयुगातल्या पातळीचं गणित पुढच्या काळातलं, मात्र उथळ समुद्र म्हणजे जुनी सलग जमीन हा तर्क वॉलेसचाच.

सुलावेसीने मात्र त्याला आयुष्यभर अडवलं. तिथले प्राणी धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत. आधी ते बेट त्याने ऑस्ट्रेलियाच्या बाजूला टाकलं होतं. १९१० मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्याने स्वतःची रेषा सरकवून ते आशियाकडे घेतलं.