'फक्त पोलिसांसाठी': अमेरिकी शस्त्र कंपन्यांनी स्वतःहून घातलेल्या बंधनांची पार्श्वभूमी

अंगावर लपवून पिस्तूल बाळगणं, तिकडच्या भाषेत 'कन्सील्ड कॅरी', आज अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याशिवाय चालतं. चाळीस वर्षांपूर्वी चित्र उलटं होतं. बहुतेक ठिकाणी असा परवाना देणं न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे, काही राज्यांत तो मिळतच नसे. १९८७ साली फ्लोरिडाने कायदा बदलला आणि अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल असं ठरवलं. पुढच्या दशकात एकेक राज्याने तोच कित्ता गिरवला. छोटी पिस्तुलं, पँटच्या आतून अडकवायची होल्स्टर, स्वसंरक्षणासाठीची खास काडतुसं अशी एक बाजारपेठच उभी राहिली. त्यातला बराचसा माल मुळात पोलिसांसाठी घडवलेला होता. तो सामान्य माणसाला विकायचा का, हा प्रश्न मग कंपन्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

या इतिहासातलं सगळ्यात बोलकं प्रकरण एका गोळीचं आहे, आणि त्याची सुरुवात मायामीत होते. ११ एप्रिल १९८६ रोजी तिथे एफबीआयच्या आठ जणांची दोन बँक-दरोडेखोरांशी चकमक झाली. एका दरोडेखोराच्या दंडातून विंचेस्टर कंपनीची ९ मिलिमीटरची गोळी छातीत शिरली, पण हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली. जखम प्राणघातक होती, तरी तो कोसळला नाही आणि गोळ्या झाडत राहिला. दोन एजंट मारले गेले. एफबीआयने चौकशीअंती खापर फोडलं ते गोळीवर. यापुढे जिलेटिनच्या (मांसाच्या जागी चाचणीसाठी वापरतात त्या) ठोकळ्यात निदान १२ इंच आत जाईल अशीच गोळी हवी, असा निकष ठरला आणि काडतूस कंपन्या कामाला लागल्या.

विंचेस्टरने १९९१ मध्ये आणलेली 'ब्लॅक टॅलन' ही त्याच निकषाला उतरणारी गोळी. तिच्यावर काळा लेप होता. शरीरात शिरल्यावर तिचं टोक उमलून तांब्याच्या सहा टोकदार पाकळ्या बाहेर येत. काळा रंग, 'काळी नखी' असं नाव आणि हुकांसारख्या त्या पाकळ्या यांमुळे जाहिरातीत ती उठून दिसली, आणि याच गोष्टी पुढे कंपनीच्या अंगाशी आल्या. जखमी माणसाच्या पोटात हात घालणाऱ्या शल्यविशारदाचे हातमोजे या पाकळ्यांनी फाटतील, त्यातून एचआयव्हीचा संसर्ग होईल, अशी भीती डॉक्टरांकडून व्यक्त झाली. इजेच्या बाबतीत ही गोळी त्याच जातीच्या इतर चांगल्या गोळ्यांपेक्षा फार निराळी नाही, असं जखमांचा अभ्यास करणारे सांगत होते. पण त्यांचं ऐकायच्या मनःस्थितीत तेव्हा कुणी नव्हतं.

१ जुलै १९९३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत १०१ कॅलिफोर्निया स्ट्रीटवरच्या इमारतीत एक बंदूकधारी वकिलांच्या कचेरीत शिरला. आठ जणांचा बळी गेला. त्याच्याजवळच्या काडतुसांत ब्लॅक टॅलन सापडली. सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांनी अशा गोळ्यांवर १०,००० टक्के कर लावायचा प्रस्ताव मांडला. हा प्रस्ताव कायदा होण्याची वाट न पाहता विंचेस्टरची मालक कंपनी ऑलिन हिने नोव्हेंबर १९९३ मध्ये जाहीर केलं की ब्लॅक टॅलन यापुढे फक्त पोलिसांना मिळेल.

पण दुकानांतून आधीच गेलेली खोकी परत येणार नव्हती. ७ डिसेंबर १९९३ रोजी लाँग आयलंडच्या लोकल गाडीत एकाने प्रवाशांवर गोळ्या झाडल्या. सहा ठार, १९ जखमी. गोळी तीच. नवरा गमावलेल्या आणि मुलगा गंभीर जखमी झालेल्या कॅरोलिन मॅकार्थी पुढे १९९६ मध्ये याच प्रश्नावर काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आल्या. ऑलिनवर त्यांनी भरलेला दावा मात्र १९९७ मध्ये अपिलातही टिकला नाही. गोळी उमलते हा तिच्यातला दोष नाही, ती त्यासाठीच बनवली आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

त्यानंतर जे झालं ते मला सर्वाधिक खटकतं. काळा लेप गेला, नाव गेलं, आणि जवळपास तीच गोळी 'एसएक्सटी' या नावाने नागरिकांना मिळू लागली. 'पोलिसांसाठी' असं लिहिलेली खोकीही दुकानांतून विकली जात राहिली, कारण ती विकणं बेकायदा नव्हतंच. कंपनीचा निर्णय म्हणजे तिचं विक्रीधोरण, ते मोडलं म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. ज्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्यासाठी 'आम्ही विक्री थांबवली' या घोषणेला फार अर्थ उरत नाही.

कोल्ट या बंदूक कंपनीनेही हेच केलं होतं. कॅलिफोर्नियात स्टॉक्टनच्या शाळेत पाच मुलं मारली गेल्यावर मार्च १९८९ मध्ये तिने एआर-१५ या लष्करी धाटणीच्या रायफलची नागरी विक्री थांबवली, आणि थोडे बदल करून ती 'स्पोर्टर' नावाने परत आणली.

सरकारने स्वतः रेघ ओढली ती सप्टेंबर १९९४ मध्ये. दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन, म्हणजे बंदुकीत बसवायच्या गोळ्यांच्या पेट्या, नागरिकांना विकायला बंदी आली. त्या काळातल्या मोठ्या मॅगझिनांवर 'केवळ पोलीस व सरकारी वापरासाठी' अशा अर्थाचा शिक्का मारलेला असे. इथे शिक्क्यामागे कायदा होता. पण बंदीची मुदत दहाच वर्षांची होती, ती २००४ मध्ये संपली. दरम्यान, दहाच गोळ्या बसवायच्या तर पिस्तूल मोठं कशाला, असा हिशोब उत्पादकांनी केला आणि खिशात मावणाऱ्या पिस्तुलांना बरकत आली. लपवून बाळगण्याच्या बाजाराला या कायद्याने हातभारच लावला.

कंपनीने बंधन मनावर घेतलं तर काय होतं, याचा धडा स्मिथ अँड वेसन या पिस्तूल कंपनीने मार्च २००० मध्ये गिरवला. पिस्तुलांना कुलूप बसवू, आमचा माल विकणाऱ्या दुकानदारांवर अटी घालू, असा करार तिने क्लिंटन सरकारशी केला. ग्राहकांनी आणि दुकानदारांनी बहिष्कार टाकला, कामगारांना घरी पाठवावं लागलं. टॉमकिन्स या ब्रिटिश मालकाने १९८७ मध्ये ११ कोटी डॉलरहून अधिक मोजून घेतलेली कंपनी २००१ मध्ये दीड कोटी डॉलरला आणि कर्जासकट विकली. त्यानंतर इतर उत्पादक त्या वाटेला गेले नाहीत. २००५ मध्ये शस्त्र उत्पादकांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षण देणारा केंद्रीय कायदा आला आणि कोर्टाचा धाकही ओसरला.

तेव्हापासून बंधनं येतात ती मुख्यतः दुकानदारांकडून. फेब्रुवारी २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेल्यावर डिक्स या क्रीडासाहित्याच्या साखळीने एआर-१५ सारख्या रायफली विकणं बंद केलं, शिल्लक माल चक्क नष्ट केला. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासो इथल्या वॉलमार्ट या साखळीच्या दुकानातच हत्याकांड झालं. महिन्याभरात कंपनीने पिस्तुलांची काडतुसं विकणं थांबवायचं ठरवलं आणि पिस्तूल उघड्यावर लावून दुकानात येऊ नका, अशी ग्राहकांना विनंती केली. परवाना असलेल्यांनी ते लपवून आणायला मात्र पूर्वीसारखीच मुभा राहिली. देशातल्या काडतूस विक्रीतला आपला सुमारे २० टक्के वाटा ६ ते ९ टक्क्यांवर येईल, असा वॉलमार्टचा अंदाज होता. उरलेला ग्राहक दुसऱ्या दुकानात गेला.